गोदाक्काच्या कोंबड्यांच्या पायाखाली

किस्से गोळा करायची मला हौस नाही. पण वृद्धाश्रमात नोकरी धरली की ते आपणहून मागे लागतात. सकाळच्या चहाला एक घडतो. तो कोणाला तरी सांगावा म्हणून फोन हातात घ्यावा, तोवर जेवणाच्या वेळेचा दुसरा तयार असतो. कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या की एकमेकींना विचारतात, सध्या काय चाललंय? एकीची पुण्यातली कंपनी, एकीची स्पर्धा परीक्षा, एकीचं जर्मनी. माझी पाळी आली की मी सांगते, कोंबड्यांच्या पायाखाली काय पसरायचं यावर आमच्याकडे पावसाळाभर चर्चा चालू आहे. त्या हसतात. मी हसत नाही, कारण त्या चर्चेत मी बसलेली असते.

आमचा आश्रम गंगापूर रोडने धरणाकडे जाताना, इमारती संपून द्राक्षबागा सुरू होतात तिथे, आत एका फाट्यावर आहे. समाजकार्याची पदवी घेऊन मी इथे व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा डोक्यात एक गोष्ट पक्की होती. म्हातारी माणसं म्हणजे कोपऱ्यात ठेवलेलं सामान नव्हे. ती जिथे राहतात तिथले निर्णय त्यांनीच घ्यायला हवेत. मला अजूनही तसंच वाटतं. म्हणून आल्या आल्या मी गुरुवारची बैठक सुरू केली. भाजी कोणती, टीव्हीवर काय, पंखा किती वर, सगळं हात वर करून ठरायचं. विश्वस्तांना ते फार आवडलं, कारण त्यांना बैठकीला यावं लागत नव्हतं.

लोकशाहीने माणूस किती दमतो, हे मात्र अभ्यासक्रमात कुठे नव्हतं.

*

गोदाक्का चांदवडकडच्या एका खेड्यातल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मागच्या हिवाळ्यात घरात पाय घसरून पडल्या आणि सकाळी शेजारीण ताक मागायला आली तोवर तशाच जमिनीवर पडून होत्या. त्यानंतर पुतण्याने त्यांच्यासाठी आश्रम शोधायला घेतला. पुतण्या वाईट नाही. तो कांद्याच्या गाड्यांबरोबर फिरतो, घरी नसतो.

मी त्यांना आणायला गेले. त्यांनी मला गूळ-शेंगदाणे दिले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'येते की. पर मी एकटी न्हाय येनार. ह्या बी येतील.'

'ह्या' म्हणजे दारात उकरत असलेल्या पाच कोंबड्या. आणि एक कोंबडा, ज्याला त्या सरपंच म्हणत.

पुतण्याने कपाळाला हात लावला. मी मात्र तिथल्या तिथे हो म्हटलं. माणसाला त्याच्या जगासकट घेतलं पाहिजे, वगैरे माझी मतं होतीच. परतीच्या वाटेवर टेम्पोत गोदाक्का पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे कोंबड्यांबरोबर. सरपंच ओझरपर्यंत माझ्या ओढणीवर उभा होता.

स्वयंपाकघराच्या मागे पत्र्याचं खुराडं बांधलं, त्याच्या पुढे जाळी मारून फिरायला छोटं अंगण केलं. उन्हाळाभर सगळं छान चाललं. गोदाक्का, ज्या आल्यापासून कोणाशी चार शब्द बोलत नव्हत्या, त्या जाळीपाशी बसून कोंबड्यांशी तासन् तास बोलायच्या. मग हळूहळू कोंबड्यांच्या निमित्ताने माणसांशी बोलू लागल्या.

मग पावसाळा आला आणि आम्हाला कळलं, की अंगण काळ्या मातीवर आहे.

*

काळी माती भिजली की काय होतं ते ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको. त्यात कोंबड्यांची शिट. जुलैच्या मध्यापर्यंत त्या अंगणाचा लगदा झाला. वास जेवणाच्या खोलीत यायला लागला. भुरी नावाची कोंबडी लंगडायला लागली. गुरांच्या डॉक्टरांनी तिचा सुजलेला तळवा बघितला, मलम दिलं आणि म्हणाले, औषधाचा उपयोग नाही, पायाखाली कोरडं करा.

अध्यक्षांपर्यंत वास पोचला. आमचे अध्यक्ष कधी रागावत नाहीत. देणग्या मिळवण्यात त्यांचा जन्म चाललाय, त्यामुळे आवाज चढवण्याची सवयच राहिलेली नाही. ते फक्त 'बघू' म्हणतात, आणि त्यांच्या मनात असतं तसं होतं. नाकाला रुमाल लावून त्यांनी अंगण पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की दसऱ्याला सगळे देणगीदार येतात. तोवर ही जागा कोरडी आणि बिनवासाची झाली तर ठीक. नाही तर कोंबड्या त्यांच्या ओळखीच्या एका फार्मवर पाठवू.

हे मी गोदाक्कांना शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. त्या भुरीच्या पायाला हळद लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

'मंग म्या बी जाईन,' त्या म्हणाल्या. 'घर हाय माझं.'

घर होतं. तेच, जिथे त्या पडून राहिल्या होत्या.

मी विषय गुरुवारच्या बैठकीत मांडला.

*

पहिल्यांदा बोलले सुभेदार. देवळाली कॅम्पात तोफखान्यात आयुष्य काढलेला माणूस, अजून पहाटे अंथरुणाची घडी अशी घालतो की वर नाणं टाकलं तर उडेल. त्यांचं म्हणणं सोपं होतं. चिखलावर इलाज एकच, मुरूम. मुरूम टाका, पाणी मारा, दुरमुसने ठोका, परत टाका, परत ठोका. सगळ्यांनी हात वर केले. झोपलेल्यांनीही केले असं सुभेदारांनी जाहीर केलं, कारण त्यांच्या मते ज्याने विरोध केला नाही तो बरोबर आहे.

मुरूम आला. दोन मजूर आणि स्वतः सुभेदार, असं काम झालं. शेवटी त्यांनी कडेने दगड लावून त्यांना चुन्याने पांढरं केलं. खरं सांगायचं तर ते अंगण सुंदर दिसत होतं. त्यावर झेंडा लावून संचलन करता आलं असतं.

कोंबड्यांना मात्र उकरता येईना. कोंबडीला दिवसभर दुसरं काम नसतं. ती उकरते, काही सापडलं तर खाते, नाही सापडलं तरी उकरते. त्या ठोकलेल्या मुरमावर त्यांच्या नख्या नुसत्या वाजायच्या. दोन दिवस त्या एका पायावर उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना जागा सापडली, पांढऱ्या दगडांच्या खाली. एकेक दगड उकरून पाडला. सुभेदार काठी घेऊन जाळीबाहेर उभे, चेहरा लाल. यांना शिस्त म्हणून नाही, असं ते मला सांगत होते.

गोदाक्का तांदळाची कणी टाकत होत्या. 'सुभेदार,' त्या म्हणाल्या, 'कोंबड्या हायेत त्या. भरती झालेल्या न्हाईत.'

*

यानंतर एका देणगीदारांचा फोन आला. त्यांचं आमच्याच रस्त्यावर लॉन्स आहे. नाशिकमध्ये लॉन्स म्हणजे लग्नाचं मैदान, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तर त्यांच्याकडे प्लॅस्टिकचं हिरवं गवत होतं, गालिच्यासारखं, एका सीझनच्या लग्नांत वापरलेलं. त्यांनी कौतुकाने पाठवून दिलं. मी प्लॅस्टिक नको म्हणून भांडले. बैठकीत मी एकटी पडले. आता निर्णय त्यांचा, म्हणजे त्यांचा. मीच शिकवलं होतं.

अंथरलं. फोटो काढला. अध्यक्षांनी ग्रुपवर फुलं पाठवली.

सरपंचाने एका दुपारी कोपऱ्यापासून पाती उपटायला सुरुवात केली. पाती गिळतील म्हणून गोदाक्का घाबरल्या आणि आत शिरून त्याच्या चोचीतून एकेक काढायला लागल्या. शिवाय खाली पाणी साचून वास दुप्पट झाला. शेवटी तो गालिचा गुंडाळून बाहेर काढला, विमलताईंनी तो शॅम्पूने धुतला. विमलताई म्हणजे आमच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका, त्यांना काहीही वाया गेलेलं चालत नाही.

आता तो टीव्हीच्या खोलीत आहे. संध्याकाळी सगळे चपला काढून त्यावर बसतात, आणि पाहुण्यांना सांगतात की हे मूळ कोंबड्यांसाठी आणलं होतं, पण त्यांना कदर नाही.

*

बर्वेसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बैठकीत ते शेवटी बोलतात, म्हणजे आधीच्यांचं सगळं चुकीचं ठरवता येतं. त्यांनी सांगितलं, की वर काय पसरायचं हा प्रश्नच गौण आहे. आधी उतार. पाणी गेलं पाहिजे. पाणी गेलं की वर रेशमी शालू अंथरा.

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं, कारण पहिल्यांदाच कोणी मुळाशी जात होतं. ते आठवडाभर दोरी, खुंट्या आणि नळीतलं पाणी घेऊन मापं घेत होते. जेवायला बोलवावं लागायचं. मग मुरूम उकरला, उतार काढला, बाजूने चर खणला. त्यानंतर जो पाऊस झाला तो बघायला आम्ही सगळे मागच्या ओट्यावर उभे होतो. अंगणात पाणी थेंबभरही थांबलं नाही. उतारावरून चरात, चरातून सरळ पुढे. बर्वेसाहेबांना टाळ्या मिळाल्या.

मग आतून स्वयंपाकीणबाईंनी हाक मारली. चराचं तोंड जेवणाच्या खोलीच्या उंबऱ्याशी होतं. आत पाणी, पाण्यावर चपात्यांचं फडकं तरंगत होतं.

मी बर्वेसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, 'माझ्याकडे अंगणाचं काम होतं. जेवणाची खोली माझ्या कार्यक्षेत्रात येत नाही.'

त्या रात्री आम्ही सगळे व्हरांड्यात जेवलो. कोणाला त्याचं काही वाटलं नाही, उलट मजा वाटली. मी एकटी फरशी पुसत विचार करत होते, की सामूहिक निर्णय चुकला तर फडकं एकाच माणसाच्या हातात का येतं.

*

भोयेबाबा पेठच्या डोंगराकडचे. एका शाळेत शिपाई होते, बोलतात कमी. त्यांनी तूस सुचवलं. भाताचं तूस, गिरणीत टाकूनच देतात, पाणी पितं आणि उकरायलाही हलकं. मी इंटरनेटवर पाहिलं तर जगभर तेच वापरतात. मला रडू आलं. पावसाळा अर्धा संपला होता. घोटीच्या गिरणीतून पोती मागवली, चराचं तोंड फिरवून घेतलं आणि तूस पसरलं.

कोंबड्या खूश. भुरीचा पाय बरा व्हायला लागला. वास गेला. बैठकीत भोयेबाबांच्या अभिनंदनाचा ठराव झाला आणि ते लाजून उठून गेले.

फक्त एक झालं. जगभर ते छपराखाली वापरतात. आमचं अंगण उघडं, आणि पश्चिमेकडून धरणावरून येणारा वारा. तूस उडायला लागलं. अंथरुणात, चष्म्यावर, देवाच्या तसबिरीवर. वरणात तर रोजच. विमलताईंनी कवळी काढून ठेवून जेवायला सुरुवात केली. एका रात्री मी उशिरा उठून भोयेबाबांकडे गेले, तर ते खिडकीला चादर बांधत होते. म्हणाले, आमच्याकडे झाडं असतात ना आडोशाला.

त्याच आठवड्यात शहरातल्या एक डॉक्टरीणबाई मोफत तपासणीला आल्या. सगळ्यांचे रक्तदाब घेतले आणि आमच्यातच जेवायला बसल्या. खिचडीचा घास घेतला, थांबल्या, बोटांनी चाचपून पाहिलं. त्या माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, 'कोंडा घालता? फार छान. या वयात पोट साफ राहायला हवंच.'

सुभेदारांनी त्यांना आणखी वाढायला सांगितलं.

पुढच्या मोठ्या पावसात उरलेलं तूस चिखलात कालवलं गेलं, आणि आम्ही होतो तिथेच आलो. भुरी परत लंगडू लागली.

*

वाळलेल्या पानांचा प्रस्ताव विमलताईंचा. आवारात बदामाची आणि आंब्याची झाडं आहेत, पानं फुकट, उडाली तरी खिचडीत दिसतात तरी. मंजूर. सुभेदारांनी तर दोन्ही हात वर केले.

रोज दुपारी विमलताई आणि गोदाक्का टोपलीभर पानं गोळा करून अंगणात पसरायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण मोकळं. पुन्हा पसरायच्या, पुन्हा मोकळं. वारा म्हणावा तर तो नव्हता. मांजर पान नेत नाही. आठवडा असा गेला. मग एका पहाटे मला जाग आली आणि खिडकीतून पाहिलं तर सुभेदार खराटा घेऊन जाळीच्या आत. सगळी पानं एका कोपऱ्यात ढीग करून ते काडी ओढत होते.

मी धावत गेले. तुम्हीच तर हात वर केला होता, मी म्हटलं, दोन्ही.

'तो बैठकीत,' ते म्हणाले. 'मत वेगळं, कचरा वेगळा.'

त्या दिवशी मी नोकरी सोडण्याचा मेल लिहिला. पाठवला नाही. लिहिताना गोदाक्का चहा घेऊन आल्या आणि समोर बसून राहिल्या. काय लिहितेस असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, की चांदवडच्या घराची किल्ली पुतण्याकडून मागवून घेतलीय, असू द्यावी जवळ.

*

शेवटचा उपाय माझा होता, त्यामुळे त्याबद्दल थोडक्यात सांगते.

दसऱ्याच्या आसपास आमच्याकडे द्राक्षांची छाटणी सुरू होते. छाटलेल्या काड्यांचे बांधावर ढीग लागतात. त्यांचा यंत्रातून भुगा काढला तर तो जड असतो, उडत नाही, पाणी खाली जाऊ देतो, कोंबड्यांना उकरायला मिळतं. हे मी शोधून काढलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. शेजारच्या बागवाल्या काकांनी आदल्या वर्षीच्या काड्या लगेच न्या म्हटलं, त्यांच्या शेडमध्ये कोरड्या पडल्या होत्या. पण मी त्यांना विचारलं, फवारणी कशाची होती? त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि हाताची बोटं संपली. मी नको म्हटलं. विष कोंबड्यांच्या पायाखाली घालायचं, मग अंड्यात, मग म्हाताऱ्या माणसांच्या पोटात? काका गोंधळून म्हणाले, 'अहो ताई, हीच द्राक्षं तुम्ही लोक खाता.'

मी दिंडोरीकडे जाऊन सेंद्रिय बाग शोधली. तरुण मुलगा, माझ्यासारखाच. आनंदाने हो म्हणाला. पण पाऊस लांबला होता, आणि पाऊस पूर्ण उघडल्याशिवाय तो बागेला कात्री लावणार नव्हता. दसरा झाल्यावर या, म्हणाला.

मी वाट बघायचं ठरवलं. रोज आकाशाकडे बघायचे. गोदाक्का एकदा म्हणाल्या, 'पोरी, तुझ्या काड्या येईपर्यंत माझ्या कोंबड्या पोहायला शिकतील.'

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आला तो पाऊस धो-धो नव्हता. नुसता रात्रभर रिपरिपत राहिला. सकाळी मी मागे जाऊन पाहिलं. अंगण म्हणजे काला. कोंबड्या खुराड्याच्या दारात एकमेकींना चिकटून उभ्या, खाली उतरायला तयार नाहीत.

अध्यक्ष लवकर आले. त्यांनी आधी मंडप पाहिला, मग मागे आले. नाकाला रुमाल लावला नाही, एवढं खरं. माझ्याकडे बघून म्हणाले, कार्यक्रम नीट होऊ द्या, दुपारी टेम्पो येईल, मग बघू. मी भांडायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे मुद्देच नव्हते. सगळा पावसाळा मला दिला होता.

मी वळले तर ओट्यावर गोदाक्कांची पत्र्याची पेटी. तिला दोरी बांधलेली. शेजारी कोंबड्यांची डालगी. त्या स्वतः नव्या लुगड्यात, पेटीवर बसलेल्या. मी म्हटलं, आक्का, पुढे मंडपात चला, सगळे ओळीने बसलेत. त्या म्हणाल्या, तू जा, तुला कामं असतील.

दसऱ्याला आमच्याकडे एक पद्धत आहे. सगळे आजी-आजोबा खुर्च्यांवर ओळीने बसतात, आणि देणगीदार, त्यांच्या बायका, मुलं येऊन प्रत्येकाच्या हातात सोनं देतात आणि पाया पडतात. सोनं म्हणजे आपट्याची पानं. यंदा मी त्याच्याही विरोधात होते. दर वर्षी एका दिवसासाठी झाडं ओरबाडतात, पानांऐवजी रोपं वाटा, असं मी दोन बैठकांत बोलले होते. ठराव पडला. उलट मागच्या वर्षी पानं कमी पडली म्हणून अध्यक्षांनी या वेळी पोती भरून फांद्या मागवल्या. प्रत्येक पाहुण्याच्या हातात मूठ-मूठ पानं, आजी-आजोबांच्या मांडीवर ढीग.

भाषणं झाली. वाटप सुरू झालं. अध्यक्ष ओळीतून पुढे सरकत होते, वाकत होते, आशीर्वाद घेत होते. शेवटच्या खुर्चीपाशी ते थांबले. खुर्ची रिकामी. कोणाची आहे हे त्यांना माहीत होतं. सगळ्या पाहुण्यांना दिसत होतं. सणाच्या दिवशी एका म्हातारीला सोनं न देता कसं परतायचं? ते मागे आले. त्यांच्या मागे, आता पुढचा कार्यक्रम तिकडे असेल असं समजून, सगळे पाहुणे.

गोदाक्का पेटीवरून उठल्या नाहीत. अध्यक्ष वाकले, पानं त्यांच्या हातात दिली, सोनं घ्या आक्का म्हणाले आणि पायांना हात लावला. गोदाक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मनापासून ठेवला, मी बघत होते. मग त्या हातातल्या पानांकडे पाहत बसल्या.

'मला कशाला सोनं, दादा,' त्या म्हणाल्या. 'चिखल त्यांच्या पायाखाली हाय.'

आणि त्यांनी ती पानं जाळीवरून आत टाकली.

मग विमलताई आल्या, पदरात भरलेलं सगळं सोनं घेऊन. त्यांनी पदर जाळीवर झटकला. भोयेबाबा आले. बर्वेसाहेब आले, त्यांनी पाणी कुठे साचलंय ते पाहून नेमकी तिथे टाकली. सुभेदार सगळ्यात शेवटी, पिशवीभर, पावलं मोजत आले, पिशवी उलटी केली आणि मग जमिनीवर सांडलेलं एकच पान वाकून उचललं आणि तेही आत टाकलं. इतर आजी-आजोबा काठ्या टेकत, एकमेकांना धरून येत होते. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. गुरुवार नव्हता.

पाहुण्यांना वाटलं, हे असंच असतं. तेही रांगेला लागले. लॉन्सवाले आले, त्यांची नातवंडं आली, मुलं जाळीला लटकून मुठी रिकाम्या करू लागली. कोणी तरी मंडपातून उरलेली पोतीच उचलून आणली. मी झाडांच्या बाजूची, पण मीही एक पोतं धरलं. अंगण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हिरवं झालं, जाडजूड, चिखल कुठे दिसेना. आधी सरपंच खाली उतरला. एक पाय टाकला, थांबला, दुसरा टाकला. मग काळी कोंबडी. मग लंगडत भुरी. आणि भुरीने उकरायला सुरुवात केली.

फाटकाबाहेर टेम्पो येऊन उभा राहिला होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

अध्यक्षांच्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, पहिल्यांदाच आलेल्या, मोठ्या घरच्या. त्यांचे डोळे भरून आले होते. रिकामे हात जोडून त्या अध्यक्षांना म्हणाल्या, 'आम्ही एवढ्या ठिकाणी जातो, पण मुक्या जिवांना सोनं देण्याची पद्धत कुठेच पाहिली नाही. तुमच्याकडे दर वर्षी असतं का हे?'

अध्यक्षांनी अंगणाकडे पाहिलं. दोरी बांधलेल्या पेटीकडे पाहिलं, पेटीवरच्या गोदाक्कांकडे पाहिलं. टेम्पोने परत हॉर्न दिला.

'हो,' ते म्हणाले. 'दर वर्षी.'